हाताखालचा डोळा

माझ्या मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर बहुतेकदा इंग्रजीत देते. मी दोनदा तिला बाराखडी शिकवायला बसलो, दोन्ही वेळा तिने जांभया दिल्या. इथे आखातात, रिफा गावात राहणाऱ्या एका चिनी बाईंकडे मात्र दर शनिवारी त्यांची लिपी शिकायला जायचं, तर ही अर्धा तास आधीच बूट घालून तयार. आम्ही राहतो त्या अरादहून तिला गाडीने नेणारा मीच.

एकदा परतताना तिने गाडीत कागद पुढे केला. त्यावर एकच अक्षर होतं, 看. म्हणजे पाहणं. वरचा भाग हात, खालचा डोळा. पूर्वी हाताची बोटं वेगवेगळी दिसत. लिहिता लिहिता त्यांच्या आडव्या रेघा झाल्या आणि मनगट तिरकं झालं. डोळाही आधी खऱ्यासारखा आडवा काढत. मग तो उभा राहिला, चौकोनी झाला, बुबुळाच्या जागी दोन रेघा उरल्या.

"कपाळावर हात धरून लांब बघणारा माणूस, बाबा! कूल ना?"

बाबा म्हणताना तिचा आवाज असा फुललेला मी किती दिवसांत ऐकला नव्हता. आणि तो फुलवला होता परक्या बाईने. मला सहन झालं नाही.

"आपला 'क' येतो का तुला?" मी म्हणालो.

तिने कागद घडी करून खिशात घातला.

पुढच्या शनिवारी मी सांगितलं, "आज शिफ्ट आहे. क्लास नाही." इथे शिफ्ट म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मी अरादच्या किल्ल्याजवळ गाडी लावून, एसी चालू ठेवून नुसता बसलो. ती घरी उदास असेल याचं मला बरं वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते.

तासाभराने घराकडे वळलो. ती गॅलरीत उभी होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघत होती. गाडी दिसताच धावत खाली आली.

"यल्ला, चला बाबा, अजून अर्धा क्लास मिळेल!" घाईत तिच्या तोंडी मराठीच येतं.

"शिफ्ट नव्हती," मी म्हणालो.

"आय नो. तुमचा युनिफॉर्म दारामागेच होता."

गाडीत बसून तिने पट्टा लावला. मी गाडी रिफाकडे वळवली. सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, "आधी काय काढायचं, हात की डोळा?"

"आधी हात," म्हणत तिने कपाळावर हात आडवा धरून दाखवला.