सुदाम गिरणीवाल्याने भाजलेला राब

शेणवे गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक सुदाम हा पंचक्रोशीतला सर्वात घुमा माणूस. चोवीस वर्षांत गिऱ्हाइकाशी त्याचं एकूण संभाषण "जाडं की बारीक?" एवढंच. लोक म्हणत, माजोरी आहे. खरं म्हणजे गिरणीच्या घरघरीत काहीही बोलायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, आणि "आज उकाडा फार" हे वाक्य त्या लायकीचं नसतं. तेव्हा त्याने बोलणंच बंद केलं.

अशा या मौनीबाबाने दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर शेतीचा गेम घेतला. घरामागे खरी दीड एकर भाताची खाचरं असताना! तिथे बांध घालायला बोलावलं की कंबर धरायची; मोबाइलवरच्या शेतात मात्र दिवसातून चार वेळा निंदणी. त्या गेमच्या फोरमवर 'हिरवा बांध' नावाचं मराठी मंडळ होतं. तीसेक माणसं, कुणी साताऱ्याची, कुणी अकोल्याची, एकमेकांना कधीही न पाहिलेली. तिथे ओरडावं लागत नव्हतं, नुसतं टाइप करायचं. सुदामला वाचा फुटली. अकोल्याच्या कुणाच्या आईचा मोतीबिंदू कुठल्या डोळ्याला, हे त्याला पाठ होतं. शेजारच्या घरातल्या बारशाची बातमी मात्र ते पोर शाळेत जायला लागल्यावर लागली.

यंदा मंडळ भाताच्या स्पर्धेत उतरलं आणि भाताचा तुकडा अर्थातच 'काकांकडे', म्हणजे सुदामकडे आला. आता आपल्याकडे रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण-पाला पसरून राब भाजतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेममधलं आगीचं बटण होतं काढणीनंतर धसकटं जाळायला. सुदामला ते पेरणीआधी दिसलं आणि गेम बनवणाऱ्यांबद्दल त्याचा ऊर भरून आला. त्याने मनोभावे राब भाजला. आग शेजारच्या तुकड्यात शिरली. तिथे लातूरच्या प्रणितचा कांदा होता. एकोणीस दिवसांचा कांदा, एकोणीस सेकंदांत खलास.

"काकांनी मुद्दाम जाळलं. त्यांना काढा, नाहीतर मी जातो," प्रणितने लिहिलं. मंडळाची प्रमुख रुचिता. पुण्याची, गॅलरीतली तुळस दोनदा मारून शेतीत उतरलेली, पण नियमाला कडक. तिने मतदान लावलं. काकांना ठेवायचं की काढायचं, उद्या संध्याकाळी सहापर्यंत.

दुसऱ्या दिवशी वीज असून गिरणी बंद! बायका डबे घेऊन दारात उभ्या. सुदाम पायरीवर, समोर फोन.

"काय वो, कोन गेलं का?" बायकोने, रखमीने विचारलं.

"मंडळातून काढतात मला. राब भाजला म्हनून."

"मंग राब काय असतो तो दाखवा ना त्यांना! आपला भाजायचाच हाय. उठा. आना तो फोन, मी धरते."

डबेवाल्या बायकाही निघाल्या. असला तमाशा कोण सोडणार? खाचरात उभा राहून सुदाम फोनसमोर बोलायला लागला. बोलायची एकच पट्टी ठाऊक, गिरणीतली.

"आधी शेण! वर पाला! वर माती! कडेचं गवत साफ करायचं! वारा पडलेला बघायचा, आनि वारा जिकडं जातो तिकडून पेटवायचं, म्हंजे आग सावकाश मागं सरकते! उलट पेटवली तं शेजाऱ्याचं जळतं!"

"अगो बाय, बोलतो की हा!" डबेवाल्यांतली धाऊची सून म्हणाली.

"त्यांना ऐकू येतं वो, लातूरपर्यंत थेट नका वरडू," रखमी.

अकरा मिनिटांचा तो व्हिडिओ फोरमवर गेला. दुपारी प्रणितचं उत्तर आलं. "काका, वारा बघून पेटवतात ना? मग गेममध्ये बाण वाऱ्याची दिशा दाखवत होता, तो का नाही बघितला?"

स्वतःच्या पुराव्यात स्वतःच अडकलेला आरोपी सुदामने पहिल्यांदाच पाहिला, तोही आरशात न बघता. त्याने लिहिलं, "चुकलो. बाण नाय बघितला. कांदा तुझा होता, गुन्हा माझा. काढा मला."

सहा वाजता निकाल लागला. ठेवायचं, सत्तावीस. काढायचं, शून्य. प्रणितनेही ठेवायचंच मत दिलं होतं. वर शिक्षाही त्यानेच सुनावली: महिनाभर माझ्या नव्या कांद्याला पाणी काकांनी घालायचं, आणि मी रोज फोन करून खात्री करणार.

फोन रोज पाच वाजता येऊ लागला. कांद्याचा विषय दोन मिनिटांत संपे. मग प्रणितच्या वडिलांचे गुडघे, त्याची न जमणारी सोयरीक, आणि मधेच रखमीचा सवाल, "मुरबाडकडची पोरगी चालंल का रं? पन ज्वारीची भाकर नाय, भात खावा लागंल."

महिना भरला. त्या दिवशी पाचला शिक्षेचा शेवटचा फोन आला.

"काका, परवा एक वाफा सुका दिसला मला," प्रणित म्हणाला. "शिक्षा महिनाभर वाढवतोय."

"वाफा भिजलेला व्हता," सुदाम ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, "पन ठीक हाय. दोन महिने कर."