जजची क्लार्क

अकरा वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाच्या गणपती स्मरणिकेत 'तत्त्वासाठी नकार' नावाचा लेख आला होता. बहरीनमध्ये वाढलेल्या एका मराठी मुलीला अमेरिकेतल्या एका कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायाधीशाने आपल्याकडे काम देऊ केलं आणि विचार पटत नाहीत म्हणून तिने ते नाकारलं, असं त्यात होतं. ती मुलगी माझी. लेखही माझा. नकाराचं कारण सोडून त्यातलं सगळं खरं होतं.

मी बहरीनमध्ये अदलिया भागात एका वकिलाच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्क होतो. फायली लावायच्या, अर्जांवर शिक्के आणायचे, तारखा वहीत लिहायच्या. रेसिडेन्ट कार्डावरही हुद्दा तोच. वकीलसाहेबांना घाई असली की नावाऐवजी "क्लार्क, यल्ला!" अशी हाक यायची. गावाकडे कोणी विचारलं की मी 'लीगल फर्ममध्ये आहे' म्हणायचो. बायको आत जाऊन हसायची.

मुलगी इथेच शिकली. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची. महत्त्वाचं काही असलं तरच मराठी बोलायची, त्यामुळे तिचं मराठी ऐकलं की मला धडकी भरायची. नोकरीसाठी अमेरिकेत गेली, तिथलाच नवरा केला, नागरिक झाली आणि तिशीत कायदा शिकायला बसली. कॉलेजात ती कॉन्झर्व्हेटिव्ह विद्यार्थ्यांच्या संघटनेत जायला लागली. आधी पिझ्झा फुकट मिळतो म्हणून, नंतर पटलं म्हणून.

मला फोनवर समजवायची, "कायद्यातल्या शब्दाचा अर्थ, तो लिहिला तेव्हा लोकांनी जो घेतला, तोच. जजने आपल्या मनाचा नवा घालायचा नाही."

"मग जजला काम काय?"

"एक्झॅक्टली, बाबा."

त्या लेखाच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात तिची आई गेली. हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी मी एकट्यापुरतं वरण फोडणीला टाकत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. मराठीत.

"बाबा, काल इंटरव्ह्यू झाला. जजनी मला घेतलंय. त्यांची क्लार्क म्हणून. एक वर्ष."

"काय म्हणून?"

"क्लार्क. जजची क्लार्क."

मी गॅस बंद केला.

"तू हो म्हणालीस?"

"लगेच हो म्हणायचं असतं, तशी रीत आहे. पण मी एक दिवस मागून घेतला. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं. आई असती तर..."

"तुझी आई जन्मभर क्लार्कची बायको राहिली," मी म्हणालो. "क्लार्कची आई व्हायच्या आधी सुटली."



"बाबा, इकडचा क्लार्क वेगळा असतो."

"शिक्के सगळीकडे सारखेच मारावे लागतात."

दुसऱ्या दिवशी तिने जजना नाही म्हणून कळवलं. मग मला कळवलं, इंग्रजीत. जज आता दुसरं कोणीतरी शोधतील, महिनाभर जागा रिकामीच राहील, असंही बोलण्यात आलं. मी वरण पुन्हा गरम केलं.

पुढच्या शुक्रवारी मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, दिवसभर अमेरिकेच्या बातम्या बघणारे. हमद टाउनमध्ये राहायचे आणि तिथल्या राउंडअबाउटसारखंच बोलायचे, बाहेर पडायची वाट लवकर सापडायची नाही. प्रसाद घेता घेता त्यांनी सुरू केलं.

"अहो, तिकडे लोक राष्ट्राध्यक्षाला मत देतात असं वाटतं आपल्याला. मत असतं जजना! राष्ट्राध्यक्ष चार वर्षं, फार तर आठ. त्याने नेमलेला जज मरेपर्यंत. गर्भपात, बंदुका, धर्म, सगळं शेवटी कोर्टात येतं. कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी हे नीट ओळखलं. कॉलेजातच हुशार पोरं हेरायची, आपल्या जजकडे क्लार्क म्हणून पाठवायची. वीस वर्षांनी तीच पोरं जज."

"क्लार्क?" मी विचारलं.

"आपल्यासारखे नव्हेत हो... म्हणजे, सॉरी हं. तिकडे जजच्या निकालांचे मसुदे लिहितात ते क्लार्क. भल्याभल्यांना मिळत नाही. तुमची कन्या कायदाच करते ना? सांगा तिला प्रयत्न करायला."

"तिला विचारलं होतं," मी म्हणालो. "तिने नकार दिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "का हो?"

माझ्या तोंडात शिरा होता. तो गिळेपर्यंत विचार करायला वेळ मिळाला.

"तत्त्वासाठी. जजचे विचार पटत नाहीत तिला."

निम्म्या मंडळाने कौतुक केलं. उरलेल्यांनी पोरगी शेफारली म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, गणपतीला स्मरणिकेत द्या. मी दिलं. पूजेच्या दिवशी, जागा रिकामी राहायच्या त्या महिन्यातले तीन आठवडे शिल्लक होते. मी फोन उचलून 'माझं चुकलं, जजना पुन्हा विचार' म्हणू शकत होतो. मी म्हटलं नाही. या सगळ्यात हीच गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

यंदा तिच्या भागातल्या कोर्टात जजची जागा निघाली आणि तिचं नाव वरपर्यंत गेलं. निवड करणाऱ्या कमिटीतली मंडळी तिच्याच विचारांची. पण पूर्वी त्यांनी नेमलेले काही जज खुर्चीवर बसल्यावर बदलले, याचा त्यांना धसका आहे. त्यामुळे ते उमेदवाराचं सगळं वाचतात. मंडळाच्या वेबसाइटवरची स्मरणिकाही त्यांनी वाचली, भाषांतर करून.

तिचा फोन आला. मराठीत.

"बाबा, हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"ते विचारतायत, तेव्हा विचार पटत नव्हते, मग आता कसे पटले? उद्या पुन्हा बदललीस तर?"

"मग खरं कारण सांग त्यांना."

"काय सांगू? माझ्या वडिलांना क्लार्क हा शब्द आवडला नाही? त्यांना वाटेल, मी थापा मारतेय. तुम्ही लिहा. तुमच्या सहीने."

म्हणून हा मजकूर. सेक्रेटरी आता ऐंशीच्या घरात आहेत, स्मरणिका अजून तेच काढतात. त्यांना दाखवला. म्हणाले, "सगळीकडे 'लॉ क्लार्क' करू का? म्हणजे वाचणाऱ्याला घोटाळा कळेल."

"नको," मी म्हणालो. "मी तेव्हा जो अर्थ घेतला, तोच राहू दे."

काल तो तिला फोनवर वाचून दाखवला.  संपल्यावर म्हणाली, "आईबद्दलचं वाक्य काढा. कमिटीला त्याची गरज नाही."

"मला आहे."

पलीकडे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. बहुधा तिनेच लावलं.

"मग ठेवा," ती म्हणाली. "बाकी सगळ्याचं इंग्रजी मी करते. त्या वाक्याचं तुम्ही करा."

कमिटीला कागद गुरुवारपर्यंत हवेत. आज मंगळवार. वाक्य लहान आहे. क्लार्क हा शब्द मुळातला इंग्रजीच, तो तसाच राहील. बाकीचं अजून जमलेलं नाही.