खोडलेला चार

विसपुते सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या कॉलेजात अकरावीच्या वह्या तपासत होते. "अगं, सकाळीच गेले," सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. मी "अरेरे" म्हटलं आणि पुढची वही ओढली. रडू आलं नाही... त्याची लाज आज महिन्यानंतरही वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात कोलशेतच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सरांच्या हाताखाली होते. काम विषमज्वराच्या जंतूंवर. जंतूला पोटभर खायला मिळालं की तो इतका घाईने वाढतो, की गुणसूत्राची एक प्रत पुरी होण्याआधीच पुढचीला हात घालतो. म्हणून एका पेशीत दोन, चार, कधी आठ प्रती असतात. उपाशी ठेवला की त्या एक-दोनवर येतात, असं आम्ही धरून चाललो होतो. रंग दिला की प्रती चकाकत्या ठिपक्यांसारख्या दिसत. सरांचा नियम असा, की एकच काच दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडा वहीत लिहिल्याशिवाय बोलायचा नाही. शिकवायचे मात्र जीव ओतून. जेवताना माझ्या डब्यातल्या पोळीचे तुकडे करून प्रती कशा वाढतात ते दाखवायचे, आणि मग ते तुकडे स्वतःच खाऊन टाकायचे.

एकदा उपाशी ठेवलेल्या जंतूंत मला चार ठिपके दिसले. पेशीमागून पेशी, चार. सरांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "दोनच आहेत, नलिनी. दोन पेशी चिकटल्यात, तू एक धरून मोजतेयस."

"पण सर, मधे भिंत दिसत नाहीये."

"अगं, डोळे थकलेत तुझे. घरी जा."

मी वहीतला चार खोडून स्वतःच्या हाताने दोन लिहिले, खाली सही केली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सरांवर माझा आंधळा विश्वास होता. पुढे मला माझ्याच मोजणीची खात्री वाटेना. वर्षभरात संशोधन सोडून मी शिकवायला लागले.

काही वर्षांनी ठाण्याच्या ग्रंथालयात त्यांचा शोधनिबंध हाती लागला. उपाशी जंतूंतही चार प्रती. लेखक एकटे सर. माझं नाव आभारातसुद्धा नाही. दाद मागणार कुठे? माझी वही माझ्याच सहीने माझ्याविरुद्ध बोलत होती. मग मनाची समजूत घातली, की तेव्हा त्यांना खरंच दोन दिसले असतील, चार मागाहून सापडले असतील... या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली.

तेराव्यानंतर ठाकुर्लीला वहिनींना भेटायला गेले. चहा देत त्या म्हणाल्या, "तुझं फार कौतुक होतं गं त्यांना. डोळे थकले म्हणून तुला लवकर घरी पाठवलं होतं ना, त्या दिवशी पेढे घेऊन आले. म्हणाले, नलिनीने आज काय पाहिलंय! उपाशी जंतूत चार! मला काही कळलं नाही, पण इतके खूश मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं."

म्हणजे त्याच दिवशी. मी कप खाली ठेवला. वहिनी बोलतच होत्या. खिडकीशी सरांची वेताची खुर्ची होती. तिच्यावर त्या अजून कोणाला बसू देत नाहीत. निघताना त्यांनी पाठीवरून हात फिरवला. "पेपरात त्यांच्यावर तूच लिही. तुझ्याइतकं जवळून कोणी पाहिलंय त्यांना?"

वहिनी, लिहिलंय. वाचून तुम्हाला वाईट वाटेल, त्याला माझा इलाज नाही. ते पेढे माझे होते.