आत्याच्या बेंजोच्या खुंट्या

आत्याच्या बेंजोची मधली खुंटी झिजली. पिळली की तार चढायची, आणि अभंगाचं दुसरं कडवं येईपर्यंत आपोआप उतरायची. बिघाड एवढाच. त्यासाठी मी अर्धं नाशिक पालथं घातलं, आणि जिथे गेले तिथे मला एकच उत्तर मिळालं : नवीन घ्या.

बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. तो मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, जत्रेतून हौसेने आणला. त्यांना जमला नाही, आत्याला जमला. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती. सकाळी शेवंती-झेंडूची गाडी मार्केटला रवाना करायची आणि एकादशीला महिला भजनी मंडळात बेंजो मांडीवर घ्यायचा, हा आत्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. मंडळाला सूर तीच द्यायची. तिचा 'सा' वाजल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

आता तार उतरायला लागली, तसं तिच्यामागून अख्खं मंडळही उतरायला लागलं. मंडळाच्या प्रमुख बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मुलाने त्यांना कीबोर्ड आणून दिलेला, तो नुसताच झाकून पडलेला. त्या आत्याला म्हणाल्या, "ताई, पुढच्या एकादशीपर्यंत दुरुस्त झालं तर बघा. नाहीतर आपण कीबोर्डवर सूर घेऊ. तुम्ही छान टाळ घ्या."

आत्याने मला फोन केला. "टाळ कोणी बी वाजवतं गं. मी टाळ घेतला ना, की या महिन्यात मला मागं बसवतील आन् पुढच्यात घरी."

मी इंदिरानगरातून मखमलाबादला तिच्या घरी गेले. तारा सोडवल्या, स्क्रू काढले. बेंजोच्या खुंट्या सुट्या नसतात. तीन खुंट्या एका लोखंडी पट्टीवर बसवलेल्या असतात, प्रत्येकीला बारीक दात्यांचं चाक. मधल्या चाकाचे दाते पार गुळगुळीत झाले होते. पट्टी रुमालात बांधून मी निघाले.

पहिलं दुकान मेन रोडला. काचेमागे गिटारी टांगलेल्या, शेजारी रंगीबेरंगी युकुलेले. दुकानदाराने रुमालातली पट्टी हातात न घेताच सांगितलं, "मॅडम, हे पार्ट आता बनत नाहीत. नवीन बेंजो मागवून देऊ? घरपोच येईल."

"नव्या बेंजोला खुंट्या असतात ना?"

"असतात की."

"मग बनतात."

"बनतात. पण पार्ट म्हणून नाही बनत."

मी त्याला हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्याने ते न अडखळता पुन्हा म्हटलं. वर गिटारच्या खुंट्या दाखवल्या आणि म्हणाला, या बसतील, फक्त पेटीची भोकं मोठी करून घ्या. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "त्याला सांग, पहिलं सोताच्या गिटारीला भोक पाड."

नंतर गोदाकाठचा बुधवारचा बाजार. जुन्या नळांच्या, कड्या-कोयंड्यांच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या एकाने पट्टी उलटसुलट करून बघितली. "हार्मोनियमचा भाता आहे. नेता का?" मी म्हटलं, भात्याचं काय करू? तो म्हणाला, "तुमच्या बेंजोलाच कंपनी होईल."

मग सातपूरला, मैत्रिणीच्या भावाच्या वर्कशॉपमध्ये. तिथे लेथ, ड्रिल, सगळं होतं. मला वाटलं, संपलं काम. तो म्हणाला, "एक नग? एका नगासाठी मशीन थांबवू? हजार नग सांग, लगेच डाय बनवतो."

"अख्ख्या जिल्ह्यात हजार बेंजो नसतील."

"मग नवीन घे ना बाई! किती डोकं लावतेस."

चुकीचं कुणीच बोलत नव्हतं, हे मला जास्त झोंबलं. प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबर होता, आणि सगळ्यांच्या बरोबर हिशोबांची बेरीज अशी, की हातभर धडधाकट पेटी बोटभर लोखंडासाठी भंगारात काढा. पंख्याचं हेच, मिक्सरचं हेच. दुरुस्ती मागणाऱ्याकडे लोक असे बघतात, जणू त्याने उधारी मागितली.

आमचा एक गट आहे. फुटपाथ, झाडं, गोदावरीत सोडलेलं सांडपाणी, अशा प्रश्नांवर आम्ही पत्रकं काढतो. मी पत्रक लिहिलं आणि गटावर टाकलं. 'एका पट्टीसाठी अख्खी पेटी का घ्यायची?' असा मथळा. खाली मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या खुंट्यांचा फोटो, आणि स्पष्ट मागणी : अशी पट्टी कुणाच्या माळ्यावरच्या मोडक्या बेंजोला असेल तर द्या, जुनी चालेल.

पण नुसत्या लोखंडाचा फोटो पुढे सरकत नाही, त्यात माणूस लागतो, हे आम्ही सगळे पत्रकं वाटून शिकलोय. म्हणून मी आत्याचाही फोटो टाकला. शेवंतीच्या शेतात, मुका बेंजो मांडीवर घेऊन. तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून तिने तोंड वाकडं केलेलं. लोकांनी तेवढाच फोटो बघितला. 'माउलीच्या डोळ्यांत पाणी आहे,' असं कुणीतरी खाली लिहिलं, आणि तिथून पुढे मागणी कुणी वाचलीच नाही.

चार-पाच दिवसांनी आमच्या अध्यक्षांचा फोन आला. "काम झालं! रविवारी सगळे येतो. आत्यांना सांगू नकोस, आणि त्यांच्या मंडळालाही बोलाव."

पट्टी मिळाली, असं मला वाटलं. पट्टी द्यायला इतकी माणसं कशाला लागतात, हे मी विचारायला हवं होतं.

रविवारी ते शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि एक मोठं खोकं घेऊन आले. आपल्याकडे प्रश्न सुटत नसला की सत्कार करतात. अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. अध्यक्षांनी लोककलेवर भाषण केलं. आत्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला आणि खोक्यातून नवा कोरा बेंजो निघाला. वर्गणी काढून घेतलेला. प्रमुख बाईंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. आत्याने पुष्पगुच्छ नाकाजवळ नेला आणि मला हळूच म्हणाली, "ही फुलं परवाची हायेत."

जाताना अध्यक्ष म्हणाले, "एकादशीला ऐकायला येणार हं, आत्या. व्हिडिओ टाकायचाय."

गाड्या गेल्यावर आत्याने शाल काढून खाटेवर टाकली. "मी काय मरायला टेकले का? भीक मागितली का मी कोणाकडं?"

"मी पट्टीच मागितली होती, आत्या."

"मंग फोटो माझा कशाला लावला? पट्टीचा लावायचा!"

"लावला होता. तो कुणी बघितला नाही."

ती नवा बेंजो घेऊन बसली. बटणं कडक आणि जवळजवळ. तिचं बोट सवयीने जायचं तिथे भलताच सूर निघायचा, आणि बटणांचा खटखटाट तारांपेक्षा मोठा. दोन ओळी वाजवून ती थांबली. "एकादशीपर्यंत नाय बसणार माझा हात यावर. गेला माझा सूर."

मग तिने तो तारा लावायच्या बाजूने फिरवला आणि खुंट्यांवर बोट ठेवलं. मी रुमाल सोडला. जुनी पट्टी नव्या पट्टीवर धरली. भोकावर भोक, स्क्रूवर स्क्रू. मामांनी आणलेल्या बेंजोची आणि या कोऱ्या बेंजोची पट्टी एकाच साच्यातली. म्हणजे ती रोज कुठेतरी बनत होती. फक्त भोवती पेटी असल्याशिवाय विकायची नाही, असं ठरलेलं होतं.

माझं डोकं सणकलं. मी मोबाइल काढून तिथेच लिहायला लागले.

"पत्रक मागनं लिही," आत्या म्हणाली. "पेचकस आण."

"आत्या, अगं लोकांनी वर्गणी काढलीय. नवं कोरं आहे. आणि ते ऐकायला येणारेत."

"येऊ दे की. ऐकायलाच येणारेत ना?"

नव्या पेटीचे स्क्रू मी काढले, पट्टी तिने जुन्या पेटीत बसवली. नवा बेंजो तिने आलेल्या शालीतच गुंडाळला आणि खाटेखाली सारला. "याच्यासाठी शोध आता दुसरी पट्टी," ती म्हणाली. "तुला हौस हायेच."

एकादशीला देवळाच्या सभामंडपात प्रमुख बाईंनी स्टुलावर कीबोर्ड ठेवला होता, वर फडकं. अध्यक्ष मोबाइल सरसावून पुढे बसले होते. आत्याच्या मांडीवर जुनी पेटी बघून त्यांचा हात खाली आला.

"आत्या, आपला नवीन कुठंय?"

आत्याने चकचकीत पट्टीवर बोट ठेवलं. "हा काय. तुमचंच वाजतंय."

ते वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे सरकून म्हणाले, "आता पोस्टमध्ये काय लिहायचं?"

"जे झालं ते लिहा. पट्टी मिळत नव्हती म्हणून पेटी घ्यावी लागली."

"तसं बरं नाही दिसत गं." त्यांनी व्हिडिओ काढला, पण तो कुठे टाकलेला मी अजून बघितला नाही. माझं पत्रक मात्र मी दुसऱ्यांदा काढलं, दोन्ही पट्ट्यांच्या फोटोसकट आणि या वेळी माणसाशिवाय. ते फारसं कुणी पुढे पाठवलेलं नाही.

पहिला अभंग सुरू झाला. प्रमुख बाईंचे हात टाळांवर आणि नजर आत्याच्या खुंट्यांवर. दुसरं कडवं आलं. आत्या वाजवता वाजवता मान तिरकी करून तार ऐकत होती. तिसरं कडवं गेलं, चौथं गेलं. तार जिथे लावली होती तिथेच होती.

अभंग संपला. पाण्याचा तांब्या फिरला. दुसऱ्या अभंगाआधी प्रमुख बाईंनी घसा साफ केला, कीबोर्डकडे एकदा बघितलं आणि आत्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, सूर द्या."