लांबचा माल

माझ्या वडिलांना वाट बघता येत नसे. जेवायला बसल्यावर पोळी यायला उशीर झाला, तर ते ताट सारून उठत. वाशीच्या मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा होता. उशिरा आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला ते पाणीसुद्धा विचारत नसत.

धाकटा भाऊ ऑकलंडला निघाला, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न केला, "पोचायला किती वेळ?"

"सिंगापूरला थांबून वीसेक तास. बारा हजार किलोमीटर आहे, बाबा."

"लांबच्या मालाला भाव नसतो," बाबा म्हणाले आणि चपला घालून गाळ्यावर गेले.

तेव्हापासून भावाचं तेच नाव पडलं. रविवारी त्याचा फोन आला, की बाबा तो न उचलता माझ्याकडे सरकवत. "बघ, लांबचा माल बोलतोय."

मी नेरूळमध्येच, आई-बाबांच्या घरापासून दोन इमारती सोडून राहत होते. रोज डबा द्यायचे, डॉक्टरकडे न्यायचे. त्याबद्दल कधी बरा शब्द मिळाला नाही. "जवळची हायेस म्हणून करतीस," एवढंच.

आई गेली त्या सकाळी भाऊ फोनवर रडत होता. "ताई, मी निघतोय. थांबा माझ्यासाठी." बाबांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "मेलेलं मानूस वीस तास ताटकळत ठेवायचं नसतं." दुपारपर्यंत सगळं उरकलं. भावाला ते सिंगापूरला उतरल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला. बाबांनी पेपरातून मान वर केली नाही.

"एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तू गेला नसतास तर काय बिघडलं असतं?"

तेराव्यापर्यंत भाऊ माझ्या घरी झोपला. जाताना पाया पडायला वाकला, तर बाबांनी पाय वर घेतले. त्या दिवशी मला बाबांचा मनापासून राग आला. तो पुढेही पुरता गेला नाही.

पनवेलकडे नवा विमानतळ सुरू झाला, तेव्हा बाबांनी मला फोनवर बघायला लावलं. "हितनं ऑकलंडला थेट इमान हाय का गं?"

"नाही."

"मग बांधला कशाला येवढा?" ते इतके चिडले, की चहा तसाच टाकून आत गेले.

या उन्हाळ्यात ते गेले. दवाखान्यात काका लगेच म्हणाले, "दादानं बजावून ठेवलंय, कुणासाठी थांबवायचं नाही. गाडी सांगतो."

"गाडी नको," मी म्हटलं. "त्यांना इथेच शीतगृहात ठेवायचं."

"त्याच्या शब्दाबाहेर जातीस?"

"हो."

काका उठून गेले. नातेवाईक कुजबुजत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ दवाखान्याच्या फाटकातून आत आला. मला बघताच त्याच्या हातातून बॅग गळाली. पुढे यायला धजेना.

"झालं का सगळं, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "थांबलेत तुझ्यासाठी."