जवळचा माणूस, लांबचा दवाखाना

तळोद्याच्या स्टँडवर माझ्या जीपचा दरारा होता. नऊ जणांच्या गाडीत मी एकतीस माणसं, दोन बोकड आणि लग्नातलं एक कपाट घातलेलं आहे. कपाटातही एक जण बसला होता, हे शपथेवर सांगतो. घरचा माणूस मात्र कधी आत बसायचा नाही. आतल्या जागा प्रवाशांच्या. घरच्याने मागच्या पायरीवर उभं राहायचं आणि टपाचा दांडा धरायचा, हा आमच्याकडचा शिष्टाचार. बायको बाईमाणूस म्हणून आत होती. तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, एप्रिलातल्या त्या दुपारी मागे लटकला होता.

अक्कलकुव्याच्या अलीकडे मी एका खड्ड्यासाठी ब्रेक दाबला. खड्डा असा की पावसाळ्यात लोक त्यात गळ टाकून बसतात. मागच्या ट्रकने ब्रेक दाबला नाही. आतल्या एकवीस जणांना खरचटलंसुद्धा नाही. एका म्हातारीची बांगडी तेवढी फुटली. मेहुण्याची मांडी मात्र फाटून उघडी पडली होती.

प्रवासी उतरवले. हातापायाला धरून, पोतं उचलावं तसं आम्ही त्याला मधल्या सीटवर ठेवलं. कुणीतरी पाणी पाजलं. बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडी सोडली.

"दाजी, कोठे लई चालनात?"

"गुजरातमा. मोठा दवाखानामा."

"सरकारी दवाखाना तं आठेच, अक्कलकुवामा शे ना."

"तू मन्हा शालक शे का शेजारी?"

तो हसला. बायकोही हसली. आमच्याकडे माया किलोमीटरमध्ये मोजतात. जितका माणूस जवळचा, तितका दवाखाना लांबचा. वाटेतच उतरवलं असतं तर सासरी विचारलं असतं, परका होता का? सरकारी दवाखान्याचं फाटक डाव्या हाताला आलं, आणि गेलं.

त्यानंतर मी गाडी चालवली नाही, उडवली. समोरचे ट्रक आपणहून शेतात उतरून उभे राहिले. एका वळणावर तर मला माझीच मागची नंबर प्लेट दिसली. आतल्या आरशात मात्र मी बघितलं नाही.

"दाजी, थंडी वाजी ऱ्हायनी."

बाहेर डांबर वितळत होतं.

"हे उनं आते," आलंच म्हणून मी धीर दिला. "हे उनं."

पुढे तो काही बोलला नाही. बायको त्याच्याशी बोलत राहिली.

गुजरातच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने मेहुण्याच्या तोंडावर चादर ओढली आणि मला विचारलं, "जखम कुणी दाबून धरली होती का?"

"नाही."

"तुमच्या गळ्यातला रुमाल घट्ट दाबून धरला असता, आणि वाटेत पहिल्या दवाखान्यात जर..." रुमाल कोरा होता. मी त्याने फक्त घाम पुसला होता.

दहाव्याला सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "जवाईने काहीच कमी करं नही. थेट गुजरात लई गयात." लोक माझ्याकडे मानाने बघत होते. एवढं खोटं बोलणारा माणूस मी, पण एक खरं वाक्य तोंडातून निघालं नाही. बायको चहाचे कप विसळत होती.

आता गाडी विकली, तरी स्टँडवर जातो. नव्या ड्रायव्हरांना सांगतो, रक्त वाहत असेल तर दाबून धरा, पहिला दवाखाना दिसेल तिथे थांबा. ते विडी पेटवेपर्यंत ऐकतात.

"ते ऱ्हाऊ द्या भाऊ," परवा एक जण म्हणाला. "कितला मिनिटमा पोचनात, ते सांगा."

"अठरा," मी म्हणालो. गेल्या वर्षी पंचवीस सांगत होतो. खरे किती लागले ते बायकोला माहीत आहे.