हँडलात तूप

आमच्या ह्यांना, म्हंजे बापूसोंना, घरातली बिघडलेली वस्तू दुरुस्तीला बाहेर द्यायची म्हटलं की अपमान झाल्यागत वाटतंय. मंगळवार पेठेत आमचं भांड्याचं दुकान हाय. गिऱ्हाइकाला कधी गळकी बादली विकली न्हाय, पण घरात ह्यांनी दुरुस्त केलेला नळ अजून गळतोय. मिक्सर उघडला की जोडताना स्क्रू उरत्यात, आन् हे ते खिशात टाकून म्हणत्यात, कंपनीवाल्यानं उगंच जास्तीचे लावलेते. माणूस सोन्यासारखा, त्यात वाद न्हाय. पण हातात पाना आला की मला धडकी भरती.

आन् ह्या माणसाच्या हातात माजी सायकल गेली.

सायकल खरं तर आमच्या पोराची, पारसची, गेअरची. त्यो नोकरीला पुण्याला गेला, ती जिन्याखाली धूळ खात पडली. पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या राजनंदिनीनं मला ती चालवायला शिकवली. पेठेतल्या बायकांचा गट दर रविवारी सायकली घेऊन भायेर पडतोय, त्यांनी ह्या वेळी पन्हाळा ठरवला. पन्हाळ्याला मी कितींदा तरी गेलेय, पण मोटारीत बसून, न्हायतर ह्यांच्या स्कूटरवर मागं. आपल्या पायानं त्यो घाट चढायचा, हे डोक्यात शिरलं ते काय निघंना. बायका म्हणाल्या, काकू, तुमी वाघबीळपर्यंत या, फुडं घाटात टेम्पोत बसा. झालं! माजं टाळकंच फिरलं. आता तर जायचंच, आन् सायकलवरच.

नेमकं तवाच हँडल खडखडायला लागलं. ब्रेक दाबला की फुडचं सगळं हलायचं. हँडल ज्या नळीत फिरतंय तिच्या वर-खाली एकेक लोखंडी वाटी असती, वाटीत छर्रे, म्हंजे बारक्या पोलादी गोळ्या. त्या वाट्या झिजल्यात, असं सायकलवाला म्हणाला, आन् ठेवून जावा, सोमवारी बघू म्हणाला. सोमवारी काय आरती ओवाळू सायकलीची? ह्यांनी नव्या वाट्या, छर्रे, ग्रीसची डबी सगळं विकत घेतलं आन् छाती फुगवून घरी आले.

शनिवारी सकाळी आमच्या जैन बस्तीत, म्हंजे मंदिरात, दर्शन करून आल्यावर ह्यांनी फुडच्या सोप्यात गोणपाट अंथरलं. हँडल काढलं, फुडचं चाक धरणारा चिमटा काढला, कांब घालून हातोड्यानं जुन्या वाट्या पाडल्या. इथवर बरं चाललंतं. मग नवी वाटी हातोड्यानंच ठोकायला लागले आन् ती बसली वाकडी. मी भाकरी टाकून भायेर आले. म्हटलं, चकलीचा सोऱ्या काय हातोड्यानं दाबतोय व्हय आपण? सावकाश, सरळ पिळायचं की! हे चक्क ऐकले. दुकानातनं एक लांब बोल्ट आणला, नळीतनं आरपार घातला, दोन्ही टोकांना जाड चकत्या लावल्या आन् पान्यानं पिळत पिळत वाट्या अशा बसवल्या की मी बघतच राहिले.

मग आली ग्रीसची डबी. ह्यांनी ती वाचली, उलटी करून परत वाचली. कशापासनं केलंय ते लिवलेलं नव्हतं. म्हंजे चरबी असंल काय? पारसला फोन लावला. त्यो म्हणाला, नसंल बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द आमच्या घरात चालत न्हाय. डबी उंबऱ्याभायेर गेली.

दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय, म्हणून मी चुलीपाशी गेले. परत येऊन बघतेय तर सायकल तयार. हँडल एका बोटानं फिरत हुतं, खडखड न्हाय, एकबी स्क्रू उरलेला न्हाय. मी इतकी हरखले, की आत काय लावलंय हे विचारायचंच राहिलं.

रविवारी उजाडताना बूट घालून आले आन् काय बघतेय! भिंतीपासनं निघालेली बारक्या तांबड्या मुंग्यांची रांग चाकावरनं चढून थेट हँडलाच्या नळीत चाललीती.

"काय लावलंय आत?"

"तूप," हे म्हणाले. "घरचं हाय. शुद्ध."

माज्या तोंडाला जे आलं ते मी बोलले, सगळं हितं सांगत न्हाय. फडकं उचललं, तर हे दोन्ही हात पसरून सायकलीच्या आडवे उभारले. जीव हाईत ते, म्हणाले. आन् मीबी त्याच घरची, माजाबी हात उठंना. हँडल फिरवलं तर छऱ्यांत चिरडणार. राजनंदिनी बोलवायला आली, सगळं बघून हसत हसत पायरीवरच बसली. पण बायका कोपऱ्यावर खोळंबलेल्या. ती गेली. मी त्याच पायरीवर बसले आन् रडले. खरंच रडले, लहान पोरीगत.

हे आत जाऊन ताटली घेऊन आले. तिच्यात गुळाचा खडा ठेवला, ती चाकाला टेकवली. मग उकिडवं बसून हळूहळू नट सैल केला, चिमटा जरासा खाली घेतला आन् फुंकर घालायला लागले. "चला बाई, चला, तिकडं गूळ हाय," असं मुंग्यांची समजूत काढणं चाललंतं. मागं राहिलेली एकेक मुंगी कागदावर घेऊन गुळाशी सोडायचे. माजा राग हुता तिथंच हुता, पण हसू काय आवरंना. शेवटी मीबी एक कागद घेऊन शेजारी बसले. सगळ्या गेल्यावर तूप गरम फडक्यानं पुसलं आन् त्या जागी एरंडेल लावलं. नट जास्त आवळला तर हँडल अडायचं, सैल सोडला तर खडखडायचं. मधला नेमका पीळ ह्यांना सापडला तवा ऊन अंगणभर आलंतं.

मी म्हटलं, आता ऱ्हाऊ दे, फुडच्या रविवारी बघू. ह्यांनी ऐकलंच न्हाय. सायकल स्वतः उचलून रस्त्यावर ठेवली, स्कूटरला पाण्याची बाटली आन् केळी अडकवली आन् म्हणाले, आजच.

शिवाजी पूल गेला, केर्ली गेली. वाघबीळला छाती फुटायची वेळ आली, पण हँडल म्हणशील तर रेशमागत. घाटात मी दोनदा ओरडून सांगितलं, तुमी फुडं जावा, वर जाऊन थांबा. हे मागंच. त्यांच्या मागं एक ट्रक अडकला, हॉर्नवर हॉर्न. ड्रायव्हरनं डोकं भायेर काढलं.

"ओ पावणं, गाडी बंद पडलीया काय?"

"न्हाय," हे म्हणाले, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं. "म्होरं आमच्या मालकीणबाई चालल्यात. त्यांच्या फुडं जायाचं न्हाय."

मग मी थांबलेच न्हाय. पाय कुणाचे हुते, दम कुणाचा हुता, मला ठाऊक न्हाय. पन्हाळ्याच्या नाक्यावर पोचले तवा झुणका-भाकरी खात बसलेल्या बायका हातातला घास तसाच धरून उभ्या राहिल्या. मला बोलायला श्वास नव्हता. मी सायकल लावली, मागनं येऊन थांबलेल्या ह्यांच्याकडं गेले आन् भर रस्त्यात ह्यांचा हात धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत हात धरायची ही पहिलीच वेळ. ह्यांनीबी सोडवून घेतला न्हाय.